सॅक कुणाच्या भरवशावर?

गेल्या ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. तो कोलोरॅडोत असतो, डेन्व्हरजवळ. त्याच्या ऑफिसातले दोघेतिघे दरवर्षी एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ही शिकार करता येते. या खेपेला ते यालाही घेऊन गेले. बंदूक हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं, या अटीवर हा गेला (आमच्या ताईला हे अजून माहीत नाही, कृपया कुणी सांगू नये!).

तर त्याला नवल शिकारीचं वाटलं नाही, टेंटचं वाटलं. गाडीरस्ता सोडून आत रानात टेंट ठोकायचा, पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री परत यायचं. दिवसभर टेंट, शेगडी, स्लीपिंग बॅगा, खुर्च्या, सगळं तिथंच उघड्यावर. कुलूप नाही, राखणदार नाही. खाण्याच्या वस्तू तेवढ्या अस्वलाच्या भीतीने लांब झाडाला उंच टांगलेल्या. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. याचं मात्र सगळं लक्ष मागे. पासपोर्टसुद्धा टेंटमध्येच ठेवून आला होता म्हणे!

"मामा, तुम्ही इतकी वर्षं डोंगरात फिरताय. तुम्ही सामान कुणाच्या भरवशावर ठेवता?"

"देवाच्या!" मी म्हटलं आणि दोघंही हसलो.

फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसलो. संध्याकाळ झाली होती. आमच्या खोडदला संध्याकाळी समोर बघितलं की उसाच्या आणि कांद्याच्या वावरांपलीकडे त्या दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या दिसतात. पंचेचाळीस मीटर व्यासाची एकेक, अशा तीस. निम्म्या इथं जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना कोसच्या कोस पसरलेल्या. लहानपणापासून... नाही, लहानपणापासून नाही, आम्ही मोठे होत असताना त्या उभ्या राहिल्या. आता त्यांच्याकडे बघतच विचार करायची सवय लागली आहे. त्या दिवशी मात्र विचार काही पुढे सरकेना. भाच्याचा प्रश्न तिथंच अडकून बसला. कारण त्या प्रश्नाचं एक उत्तर मला वीस वर्षांपूर्वी मिळालं होतं, आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

डोंगरात न फिरणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. दोन दिवसांचा ट्रेक म्हटला की पाठीवर दहा-बारा किलो सहज होतात. पाणी, शिधा, भांडी, पांघरूण. हे ओझं घेऊन मुक्कामाच्या जागेपर्यंत जायचं असतं. तिथून पुढे सुळका बघायचा, कडा बघायचा, टाकी शोधायची तर ओझं घेऊन जाण्यात काही अर्थ नसतो. कातळावर तर पाठीवरची सॅक तुम्हाला मागे खेचते, ते धोक्याचंच. म्हणून मुक्कामाला सॅक टाकायची आणि मोकळ्या अंगाने फिरून यायचं, ही सगळ्यांचीच रीत. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या गुहांत असल्या बेवारस सॅकची रांग मी कितीतरी वेळा पाहिली आहे. कुणी कुणाच्या सॅकला हात लावत नसे. निदान आमचा तसा समज होता.

डिसेंबर २००३. आम्ही सहा जण. आळेफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्याला उतरलो, पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून खिरेश्वर आणि तिथून टोलारखिंडीने वर. पोचेपर्यंत शनिवारची संध्याकाळ. गणपतीची मोठी मूर्ती असलेल्या गुहेत जागा मिळाली. पायथ्याच्या एका वाडीतला तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा वर आला होता. त्याने सरपण आणून दिलं, सकाळी कुठून तरी दूध आणलं. पैसे किती म्हणून विचारलं तर नुसता लाजायचा.

रविवारी पहाटे तारामतीवर गेलो. सूर्योदय झाला. आमच्यातल्या एकाने नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणला होता, हप्त्यावर घेतलेला. तेव्हा त्याचं केवढं अप्रूप! फोटो काढून काढून त्याने बॅटरी संपवली. अकराच्या सुमाराला गुहेत परत आलो, पोहे खाल्ले, आणि त्याने कॅमेरा सॅकच्या कप्प्यात टाकला. आमच्यातला एक जण सोमवारी कामावर हजर होणार होता, तो त्याची सॅक उचलून एकटाच खाली उतरला. आम्ही पाच जण कोकणकड्यावर गेलो. तो पोरगा गुहेच्या तोंडाशी बसलेला होता. "जावा दादा तुम्ही," एवढंच म्हणाला.

सूर्यास्त बघून अंधारात परतलो. कॅमेरा नाही.

पुढचं लिहायला जड जातं. पण लिहितो. सगळ्या सॅक उलट्या केल्या. टॉर्चच्या उजेडात गुहेचा कानाकोपरा पाहिला. आणि मग पाचही जणांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी काही बोललंही नव्हतं. तो पोरगा चुलीपाशी उभा होता. "इथं कोण आलं होतं?" मी विचारलं. हो, मीच. इतरांपेक्षा मी मोठा, त्यात आपल्याच तालुक्यातला म्हणून मला भाषा जमते असं सगळ्यांना वाटायचं. तो म्हणाला, "कोन न्हाय." झालं! कोणीच आलं नाही, मग गेला कुठे? तो मूळ प्रश्न किती सरळ होता आणि त्यातून आम्ही काढलेलं उत्तर किती वाकडं, हे त्या क्षणी कुणालाच कळलं नाही. आवाज चढले. त्याच्या पिशवीकडे कुणीतरी बोट दाखवलं. त्याने स्वतःच ती पिशवी उलटी केली. एक फडकं, विळा, आम्हीच दिलेला बिस्किटचा पुडा. मग त्याने शर्टाचा खिसा बाहेर काढून दाखवला. आम्ही त्याला हात लावला नाही, असं आम्ही पुढे बरीच वर्षं एकमेकांना सांगत आलो. जणू त्यातच सगळं भरून निघतं.

पोरगा त्याच रात्री, अंधारात, खाली निघून गेला.

कॅमेरा तीन दिवसांनी सापडला. जो मित्र दुपारी उतरला होता, त्याच्या सॅकमध्ये. दोघांच्या सॅक एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच रंगाच्या, शेजारीशेजारी टेकवून ठेवलेल्या. गुहेतल्या अंधारात मालकाने स्वतःच्या हाताने कॅमेरा दुसऱ्याच्या कप्प्यात टाकला होता. तेव्हा गडावर मोबाइल लागत नसे, नाहीतर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. खरं तर मोबाइलचं निमित्तही खोटंच आहे. थोडा वेळ गप्प बसलो असतो तरी पुरे होतं.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. वाडीत त्याचं घर शोधलं. पोरगा घरी नव्हता, की असून बाहेर आला नाही, देव जाणे. बापाने कोरा चहा दिला. मी जे सांगायचं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "जाऊं द्या पाव्हणं. चूक हुती मानसाकडनं." आणि मग उगाच आठवल्यासारखं, "माकडं लई हायेत वरती. दिसभर तितंच बसला हुता त्यो, तुमच्या पिशव्यांपाशी. माकडं हाकलत."

असो.

आता तुम्ही म्हणाल, एक गैरसमज झाला, माफी मागितली, विषय संपला. मलाही तसंच वाटावं म्हणून मी बरीच खटपट केली. पण त्यानंतर माझं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं, आणि त्या गोष्टीचा धागा मला थेट लहानपणापर्यंत घेऊन गेला.

माझं आजोळ घोडनदीच्या काठचं. सुट्टीत तिथं गेलं की गावाबाहेरच्या माळावर कधीकधी फासेपारध्यांची पालं पडलेली दिसायची. चार काठ्या, वर फाटकं कापड, तीन दगडांची चूल, एखादी परात, एखादं बोचकं. एवढाच संसार. पहाट झाली की माणसं फासे घेऊन तितर आणि ससे धरायला रानात जायची. बायका कुठं मागायला, कुठं कामाला. पालं दिवसभर तशीच. म्हणजे बघा, शिकारीला जाताना मागे मुक्काम उघडा टाकून जाणारी माणसं मी भाच्याच्या चाळीस वर्षं आधी पाहिली होती! फक्त तेव्हा मला 'कॅम्पिंग' हा शब्द ठाऊक नव्हता.

त्या वर्षी, १९८१ किंवा ८२ असेल, गावातल्या एका विहिरीवरचं पितळी फूटव्हॉल्व चोरीला गेलं. चावडीवर माणसं जमली, आणि कुणीही कुणाला काही न विचारता दहा-पंधरा जण माळाकडे निघाले. आम्ही पोरं मागोमाग पळालो, मजा बघायला. पालांत एक म्हातारी होती फक्त. माणसांनी बोचकी सोडली, परात उडवली, पीठ मातीत सांडलं, काठ्या उपटल्या. फूटव्हॉल्व नव्हतं. नव्हतं म्हणून कुणी ओशाळलंही नाही. "विकलं आसंल," असं म्हणून लोक परतले. संध्याकाळी शिकारीहून आलेल्या माणसांनी काही न बोलता पीठ सावडलं, आणि दुसऱ्या दिवशी माळ रिकामा होता.

त्या घटनेची मला गुहेतल्या प्रसंगानंतर आठवण झाली, आधी नाही. म्हणजे वीस वर्षं ती माझ्यासाठी 'लहानपणी पाहिलेली एक गंमत' होती!

संशयाला पत्ता लागत नाही. त्याच्याकडे पत्ता आधीच लिहिलेला असतो. आणि आपल्याकडे तर तो चक्क सरकारी कागदावर लिहिलेला होता. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, हजेरी लावली. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा शिक्का कायद्याने पुसला. म्हणून तर त्यांना 'विमुक्त' म्हणतात. वन्यजीवांचा कायदा १९७२ ला आला, १९९१ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला, आणि फासे लावून पोट भरणंही गुन्हा झालं. रानातल्या जिवांसाठी कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यांची आधी जात गुन्हेगार होती त्यांचा मग धंदा गुन्हेगार झाला, हेही खरं. शिक्का कागदावरून पुसला गेला. आमच्या नजरेतून पुसला गेला नव्हता. माझी नजर तर शिकलेली होती, पुस्तकं वाचलेली होती. टॉर्चच्या उजेडात ती बरोबर त्याच जागी गेली.

तो गडावरचा पोरगा काही पारधी नव्हता. पण संशय घेताना आपण जात बघतो असंही नाही. आपण बघतो की इथं सगळ्यात गरीब कोण आहे आणि सगळ्यात कमी उलट बोलू शकेल असं कोण आहे. तेवढं पुरतं.

मजा म्हणजे, खरी चोरी कशी होते ते आम्हा शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पंपाची तांब्याची केबल जाते, कधी आख्खी मोटार जाते. ती काही पायथ्याचा पोरगा पिशवीत घालून नेत नाही. त्याला गाडी लागते, कटर लागतो, माल घेणारा ओळखीचा लागतो. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं नाव निघतं ते वस्तीवरच्या मजुराचं, नाहीतर आठवड्यापूर्वी मेंढरं बसवून गेलेल्या धनगराचं. तो धनगर, ज्याने आपला आख्खा वाडा आपल्या वावरात उघड्यावर मांडला होता, घोड्यावरच्या सामानासकट. त्याने आपल्यावर विश्वास ठेवला होता, हे आपल्या लक्षातच येत नाही. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं म्हणजे जणू फक्त आपलंच काम!

मग करायचं काय? सॅक मागे ठेवायचीच नाही? एका मित्राचं मत तसं आहे. "सगळं पाठीवर. ना चोरी, ना संशय." मला ते पटत नाही. बारा किलो घेऊन जीवधनचा कातळ चढणं शहाणपणाचं नाही. आणि दुसरं म्हणजे, कुणावर काहीच न सोपवता डोंगरात फिरायचं तर डोंगरात जायचंच कशाला? आपण तिथं दुसऱ्याच्या दारात जातो. त्यांचं पाणी पितो, त्यांच्या वाटा तुडवतो.

दुसरा म्हणतो, "पायथ्याला एखाद्या घरी ठेवावं." हे बरं. मीही आता जमेल तिथं तेच करतो. घरच्या बाईला सांगून, तिच्यादेखत ओसरीवर सामान ठेवतो, परतताना तिथंच जेवतो आणि जेवणाचे, राखणीचे पैसे देतो. पण यातही एक मेख आहे. तिच्या ओसरीवर मौल्यवान वस्तू ठेवून मी माझी काळजी तिच्या गळ्यात बांधतो. काही हरवलं तर तिने काय करायचं? म्हणून पैसे, फोन, गाडीची किल्ली, औषधं हे कुणाच्याच ओसरीवर ठेवत नाही. ते अंगावर. खायच्या वस्तू उघड्या ठेवत नाही, माकडांना आपण लावलेली सवय पुढच्यांना भोगावी लागते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत तर एरवी चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ सामान मागे सोडायला नियमानेच मनाई आहे, असं मी भाच्याला नंतर सांगितलं. तिथं सामान सोडून जाणाऱ्यावरच जबाबदारी आहे, हे मला आवडलं.

बाकी माझा नियम एकच आहे आणि तो फार साधा आहे. जी वस्तू हरवली तर मी कुणावर तरी संशय घेईन, ती वस्तू मी डोंगरात मागे ठेवत नाही. वस्तूची किंमत किती, हा हिशोब नाही. ती गेली तर मी कसा वागेन, हा हिशोब आहे. जुनी चटई, काळं पडलेलं पातेलं, पांघरूण... गेलं तर गेलं. ज्याला लागलं त्याने नेलं. एकदा जीवधनवर माझा स्टोव्ह खरोखर गेला. तेव्हा थंडीत लाकडं फुंकत चहा केला आणि कुणालाही काही विचारलं नाही. खरं सांगतो, त्या चहाची चव अजून आठवते.

आणि एवढं करूनही काही हरवलंच, तर आधी आपल्या सॅक, मग मित्रांच्या, मग घरी गेलेल्या मित्रांच्या. दुसऱ्याची पिशवी उघडायला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. सामान मागे ठेवायचं हे आपण ठरवलेलं असतं. त्याचा तोटा आपणच सोसायचा असतो.

भाच्याला मी चार दिवसांनी परत फोन केला. कॅमेऱ्याची गोष्ट सगळी सांगितली, त्याच्या आईलासुद्धा माहीत नसलेली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तो पोरगा नंतर भेटला का हो?"

नाही भेटला. त्यानंतर आठ-दहा वेळा तरी मी त्या गडावर गेलो असेन. आता वर येणाऱ्यांना झुणका-भाकरी मिळते, कोण कोण पोरं ताक-सरबत घेऊन बसलेली असतात. तो आता पस्तिशीचा झाला असेल. समोर आला तरी मी ओळखणार नाही. तो मला नक्की ओळखेल.